फोन बरोबर ३२ सेकंदांनी कट होतो, आणि लॉगमध्ये मात्र २०० ओके

दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, एक पॅथॉलॉजी लॅब आहे. दोन खोल्या, एक बाकडं आणि काउंटरवर दोन आयपी फोन. सकाळी सात ते अकरा ते फोन क्षणभर गप्प बसत नाहीत. कुणाला उपाशीपोटी कधी यायचं ते विचारायचं असतं, कुणाला रक्त घ्यायला घरी माणूस हवा असतो, कुणाचा कालचा रिपोर्ट अडकलेला असतो. तिथल्या रिसेप्शनच्या ताईंनी जुलैत मला फोन केला, अर्थात स्वतःच्या मोबाइलवरून.

"दादा, पेशंट पत्ता सांगायला लागला की फोन कट. परत करतात, परत कट. लोकांना वाटतं आम्हीच आपटतो."

"किती वेळानं कट होतो?"

"लगेच हो."

"लगेच म्हणजे? नाव सांगून होतं का?"

"नाव होतं, टेस्ट कुठली ते होतं. मग पत्ता आला की गेला. अर्धा मिनिट धरा."

"तुम्ही लावलेले कॉलपण जातात?"

त्या थोडा वेळ थांबल्या. "नाही. आलेलेच जातात."

आजार इथेच निम्मा कळला होता. आलेले कॉल, अर्ध्या मिनिटानं, दर वेळी. तरी दुपारी गेलो. पीबीएक्सवर, म्हणजे लॅबच्या फोन एक्स्चेंजवर (साधं ॲस्टेरिस्क सॉफ्टवेअर, एका जुन्या छोट्या पीसीवर), एसएनग्रेप हे कॉलचे संदेश दाखवणारं टूल चालू केलं आणि माझ्याच मोबाइलवरून लॅबच्या नंबरवर कॉल लावला. ताईंनी उचलला. पुढे जे दिसलं ते असं. वेळ फोन उचलल्यापासूनची:

०.० सेकंद: पीबीएक्सकडून २०० ओके
०.५: २०० ओके
१.५: २०० ओके
३.५: २०० ओके
७.५: २०० ओके
११.५, १५.५, १९.५, २३.५, २७.५, ३१.५: तेच, २०० ओके
३२.०: पीबीएक्सकडून बाय, म्हणजे कॉल बंद

एकच उत्तर अकरा वेळा. चारशेचा, पाचशेचा एकही कोड नाही. कॉल रिपोर्टमध्ये हा कॉल 'उचलला, ३२ सेकंद, नॉर्मल क्लिअरिंग' असा सुखरूप नोंदलेला. कोड बघून दुरुस्ती करणारा इथे फसतो, कारण बघायला कोडच नाही.

ज्यांना हे कोड नवे आहेत त्यांच्यासाठी चार ओळी. इंटरनेटवरून जाणारा फोन जोडायची बोलणी सिप नावाच्या प्रोटोकॉलवर चालतात. त्याचं आजही चालणारं मूळ दस्तऐवज म्हणजे जून २००२ चं आरएफसी ३२६१. वेबवर 'पान सापडलं नाही' याला ४०४ म्हणतात ना, त्याच घराण्यातले हे आकडे. शंभरातले म्हणजे काम चालू आहे. दोनशेतले म्हणजे जमलं. तीनशेतले म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर विचारा. चारशेतले म्हणजे तुमची ही मागणी अशी चालणार नाही. पाचशेतले म्हणजे बिघाड माझ्याकडेच आहे. सहाशेतले म्हणजे कुठेही विचारलंत तरी नकारच. एवढं पाठ असलं की पुरे; बाकीचे कोड कामाच्या ओघात अंगवळणी पडतात.

आता त्या अकरा २०० ओकेंकडे. फोन उचलला की उचलणारी बाजू २०० ओके पाठवते आणि कॉल लावणाऱ्या बाजूनं त्याची पोच द्यायची असते. त्या पोचेला ॲक म्हणतात. कॉल जोडायच्या सगळ्या बोलण्यात दोन्ही बाजू एकमेकांना नीट ऐकतात ही खात्री या पोचेवर टिकलेली असते. पोच आली नाही तर २०० ओके पुन्हा जातो: अर्ध्या सेकंदानं, मग एक, मग दोन, मग चार, आणि पुढे दर चार सेकंदांनी. मूळ घड्याळ अर्ध्या सेकंदाचं. त्याच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद वाट पाहून पीबीएक्स कंटाळतो आणि स्वतःच बाय पाठवून कॉल बंद करतो. तोपर्यंत आवाज दोन्हीकडे छान चालू असतो, कारण आवाजाची पॅकेट वेगळ्या वाटेनं जातात. म्हणून तर पेशंट पत्त्यापर्यंत पोचतो.

ट्रंक, म्हणजे लॅबची बाहेरची फोन लाइन, देणाऱ्या कंपनीच्या सपोर्टला फोन केला तर तिथला मुलगा म्हणाला, "सर, बाय तुमच्या साइडनं येतोय. तुमचा पीबीएक्स चेक करा." शब्दशः खरं. बाय आमचाच होता. पण तो आम्ही का पाठवला हे त्याच्या पडद्यावर नव्हतं. मी त्याला एवढंच विचारलं, की तुमचा ॲक कुठल्या आयपीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या कुठल्या पत्त्यावर, जातोय ते सांगा. दहा मिनिटं होल्डवरचं संगीत ऐकल्यावर आयपी मिळाला. तो लॅबचाच होता, पण जुना.

झालं होतं असं. लॅबचं ब्रॉडबँड साधं, पब्लिक आयपी (बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता) बदलता. पावसात गल्लीतली फायबर तुटली, दोन दिवसांनी जोडली, लाइन नव्या आयपीनं परत आली. पीबीएक्समध्ये मात्र 'बाहेरचा पत्ता' म्हणून जुना आयपी कुणीतरी (मीच, मागच्या वर्षी) हातानं लिहून ठेवला होता. २०० ओकेमधल्या कॉन्टॅक्ट या ओळीत तो जुना आयपी जात होता. कंपनीचा सर्व्हर तिथे लिहिलेल्या पत्त्यावर इमानानं ॲक पाठवत होता, आणि तो ॲक मुंबईतल्या कुठल्या तरी अनोळखी घराच्या राउटरवर जाऊन मरत होता.

लावलेले कॉल का तुटत नव्हते? कारण तिथे २०० ओके कंपनीकडून येतो आणि ॲक आम्ही त्यांच्या पत्त्यावर पाठवतो, जो बरोबर आहे. पण त्या कॉलमध्येही दुखणं होतंच, फक्त दुसरीकडे. ताईंना विचारलं, समोरच्यानं फोन ठेवल्यावर तुमच्या फोनवर मिनिटं वाढत राहतात का? "हो! मला वाटलं तो डिस्प्लेच बिघडलाय." समोरच्याचा बाय जुन्या पत्त्यावर जात होता, त्यामुळे लाइन अडकून राहायची. आलेला कॉल ३२ सेकंदांनी जातो आणि लावलेला कॉल समोरच्यानं ठेवूनही जात नाही, ही जोडी दिसली तर दुसरं काही शोधू नका, कॉन्टॅक्टमधला पत्ता बघा. ॲस्टेरिस्कच्या पीजेसिप या सिप सांभाळणाऱ्या भागात तो एक्स्टर्नल सिग्नलिंग ॲड्रेस आणि एक्स्टर्नल मीडिया ॲड्रेस या दोन ठिकाणी असतो. लोकल नेटची (आतलं नेटवर्क कुठलं ते सांगणारी) ओळही तपासा. तिच्यात चूक असेल तर आतल्या फोननासुद्धा बाहेरचा पत्ता जातो आणि नवीन घोळ सुरू होतो.

पत्ता बदलला, आपोआप अपडेट होईल अशी सोय केली, चहा प्यायलो, निघालो.

ऑगस्टच्या शेवटी परत तोच फोन. परत ३२ सेकंद.

या वेळी कॉन्टॅक्टमध्ये आम्ही पाठवत होतो तो पत्ता बरोबर. मग कंपनीकडून ॲकचा पत्ता मागवला: आयपी बरोबर, पोर्ट (त्या पत्त्यावरचा दाराचा नंबर) चूक. आम्ही ५०६० लिहून पाठवत होतो, त्यांना मिळत होता बासष्ट हजार काहीतरी. मध्ये कोण? केबलवाल्यानं आदल्या आठवड्यात राउटर बदलला होता, आणि नव्या राउटरात सिप एएलजी चालू होतं. ही सोय मुळात मदतीसाठी बनली: राउटरनं सिपचा मजकूर उघडून वाचायचा आणि आतला खासगी पत्ता बदलून बाहेरचा घालायचा. प्रत्यक्षात ती अर्धवट बदल करते, एका संदेशात करते आणि दुसऱ्यात विसरते. सोळा-सतरा वर्षं हे काम करतोय, एएलजी चालू केल्यानं एखादी तक्रार मिटली असं एकदाही झालेलं नाही. बंद केल्यानं मिटलेल्या मात्र मोजायच्या सोडून दिल्यात. राउटरच्या पानावर शोधा, कधी ते फायरवॉलखाली असतं, कधी नॅटखाली, आणि काही राउटरांत ते फक्त केबलवाल्याच्याच लॉगिनला दिसतं. त्याला फोन करून "एएलजी बंद कर" म्हणायचं. "ते काय असतं साहेब?" असं आलं की समजा आज संध्याकाळ तिथेच जाणार.

तिसऱ्यांदा दिवाळीनंतर. पत्ता आपोआप अपडेट होत होता, एएलजी बंद होतं, पोर्ट बरोबर होता. राउटरच्या स्टेटस पानावर बाहेरच्या बाजूचा आयपी बघितला तर तो १००.७२ नं सुरू होणारा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी २०१२ पासून राखून ठेवलेला आहे. म्हणजे लॅबला आता स्वतःचा पब्लिक आयपी उरलाच नव्हता. एकाच पब्लिक आयपीमागे बरीच घरं बसवली होती. आमची आपोआप अपडेट होणारी सोय तो सामायिक आयपी मोठ्या तत्परतेनं कॉन्टॅक्टमध्ये लिहीत होती. त्या आयपीच्या ५०६० वर आलेला ॲक त्या गर्दीत कुणाला द्यायचा हे कंपनीच्या उपकरणाला कळणार कसं? लेखी मागणी करून स्टॅटिक आयपी घेतला, दरमहा थोडे जास्त पैसे. व्यवसायाचा फोन असेल तर हे पैसे पहिल्याच दिवशी द्यावेत. मी हे तेव्हाच सांगितलं होतं, असं म्हणायचा मोह आवरतो, कारण सांगितलं नव्हतं.

तीनदा एकच लक्षण, तीन वेगळी कारणं, आणि तिन्ही वेळा कोड एकच, २०० ओके. म्हणून माझा पहिला प्रश्न कधीच "कोड कुठला आला" हा नसतो. कितव्या सेकंदाला, आणि कोणाकडून, हे दोन आधी.

ताईंना मी एक वही दिली होती. वेळ, आलेला की केलेला, किती मिनिटं-सेकंदांनी तुटला. त्या वहीत जानेवारीत एक नोंद होती: डॉक्टरांचा लांबलेला कॉल, १५:३२. दुसऱ्या दिवशी परत १५:३२. फोनवरूनच सांगता आलं. लांब कॉल जिवंत आहे का हे तपासायला सिपमध्ये सेशन टायमर असतो, नेहमीचा १८०० सेकंदांचा. निम्मी वेळ झाली, म्हणजे ९०० सेकंदांनी, एक बाजू नवा इन्व्हाइट (कॉल जोडायची मागणी) पाठवून 'आहात ना?' विचारते. उत्तर नाही आलं तर ३२ सेकंद वाट बघून कॉल बंद. पंधरा मिनिटं अधिक ३२ सेकंद. आणि विचारणारी बाजू मुकीच राहिली तर दुसरी बाजू मुदत संपायच्या ३२ सेकंद आधी कॉल तोडते, म्हणजे २९ मिनिटं २८ सेकंदांवर. हे दोन आकडे लिहून ठेवा, बिलाच्या सीडीआरमध्ये (कॉलच्या नोंदींत) ते रांगेनं दिसले की दुसरा विचार नको. लॅबमध्ये स्टॅटिक आयपीबरोबर आलेल्या फायरवॉलमध्ये सिपची युडीपी (पोच न मागता पॅकेट पाठवायची पद्धत) वाट काही मिनिटं शांत राहिली की बंद व्हायची, त्यामुळे पंधराव्या मिनिटाचा इन्व्हाइट आतच येत नव्हता. दर ३० सेकंदांनी ऑप्शन्स हा छोटा संदेश पाठवून वाट उघडी ठेवली. भलत्याच वेळी, कधी दोन मिनिटांनी तर कधी सात, कॉल तुटत असतील तर मात्र टायमर सोडा, लाइन बघा.

आता 'कोणाकडून' हा प्रश्न. यात सगळ्यात जास्त फसवणारे दोन कोड म्हणजे ४०८ आणि ५०३.

४०८ म्हणजे वेळ संपली. लॉगमध्ये ४०८ दिसला की माणूस लगेच समोरच्या सर्व्हरला दोष देतो. पण ट्रेस उघडा: बऱ्याचदा ४०८ नावाचं पॅकेट आलेलंच नसतं. इन्व्हाइट सात वेळा गेला, ३२ सेकंदांत कुणीही काही बोललं नाही, म्हणून आपल्याच सॉफ्टवेअरनं मनातल्या मनात ४०८ मानला. आरएफसीच तसं सांगतं. तसंच ५०३ चं: पॅकेट पाठवतानाच नेटवर्कनं 'पोर्ट बंद' असा निरोप दिला तर आपलं सॉफ्टवेअर त्याला ५०३ मानतं. दोन्ही ठिकाणी समोरचा बिचारा झोपलेला असतो, त्याला काही माहीतच नसतं. आधी बघा, तो कोड वायरवरून आला की आपणच जन्माला घातला.

याचं एक चांगलं उदाहरण फोर्टमधल्या एका वकिलांच्या ऑफिसातलं. घरून काम करणाऱ्या एका मॅडमचा लॅपटॉपवरचा सॉफ्टफोन. रजिस्टर होतो (सर्व्हरवर हजेरी लागते), आलेले कॉल येतात, लावलेला प्रत्येक कॉल ४०८. ट्रेसमध्ये गंमत होती. पहिला इन्व्हाइट गेला, सर्व्हरनं ४०१ देऊन पासवर्डचा पुरावा मागितला, सॉफ्टफोननं पुराव्यासह दुसरा इन्व्हाइट पाठवला, आणि तो सात वेळा पाठवूनही गडप. पहिला पोचतो, दुसरा नाही, फरक काय? आकार. सॉफ्टफोन व्हिडिओसकट डझनभर कोडेक (आवाज-चित्र पॅकेटांत बसवायच्या पद्धती) पुढे करत होता. पुराव्याची ओळ जोडल्यावर इन्व्हाइट १५०० बाइटच्या पुढे जायचा, युडीपी पॅकेटचे दोन तुकडे व्हायचे आणि घरचा राउटर दुसरा तुकडा टाकून द्यायचा. आरएफसीत तर स्पष्ट आहे की १३०० बाइटच्या वर गेलं की टीसीपी (पोच घेत पाठवायची पद्धत) वापरा. व्हिडिओ आणि नको ते कोडेक काढले, फक्त ए-लॉ हा आवाजाचा कोडेक आणि एक जास्तीचा ठेवला, कॉल लागला. मॅडम म्हणाल्या, "एवढंच होतं?" एवढंच असतं बहुतेक वेळा, ते शोधायला दीड तास जातो.

खऱ्या, वायरवरून आलेल्या ५०३ चं कारण मात्र बरेचदा चॅनेल, म्हणजे एका वेळी मावणारी बोलणी, असतात. पूर्वी पीआरआय या डिजिटल फोन लाइनवर ३० बोलणी मावायची, एकतिसाव्याला जागा नाही. सिप ट्रंकलाही कंपनीनं चॅनेलची मर्यादा घातलेली असते, आणि सकाळी आठला लॅबमध्ये ती भरते. उत्तरातल्या रीझन ओळीत क्यू.८५० चा (टेलिफोन नेटवर्कच्या कारणांच्या यादीतला) कॉज ३४ दिसला तर ते नक्की; त्याचा अर्थच 'सर्किट मोकळं नाही'. ही रीझनची ओळ वाचायची सवय लावा. सिपच्या कोडमध्ये अनुवादात जे हरवतं ते पुष्कळदा तिथे सापडतं.

४०१ आणि ४०७ (दोन्ही पासवर्डचा पुरावा मागतात) बघून घाबरणारे खूप भेटतात. पहिल्या रजिस्टरला ४०१ येणं हे वॉचमननं गेटवर नाव विचारण्यासारखं आहे, त्यात रागवायचं काय? दुसऱ्यांदा, पुराव्यासह पाठवूनही ४०१ आला तरच पासवर्ड किंवा युजरनेम तपासा. त्यातही उत्तरात 'स्टेल' बरोबर 'ट्रू' असेल तर फक्त जुना झालेला नॉन्स (पुराव्यासाठी सर्व्हरनं दिलेला तात्पुरता कोड) बदलायचाय, पासवर्ड ठीक आहे. आणि लॉगमध्ये रात्री तीनला अनोळखी परदेशी आयपीवरून हजारो ४०१ दिसत असतील तर ते तुमचे फोन नव्हेत, कुणीतरी पासवर्ड चाचपतंय. ५०६० पोर्ट सगळ्या जगाला उघडा ठेवू नका, ट्रंक कंपनीच्या आयपींनाच येऊ द्या. पासवर्ड एकदा सापडला की रात्रभरात महागड्या परदेशी नंबरांवर कॉल होतात आणि बिल तुमच्या नावानं येतं. यावर जास्त लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे, आणि आठवला की डोकं तापतं.

४०४ ची गोष्ट पुन्हा लॅबमधलीच. रिपोर्ट तयार झाल्याचे कॉल करायला यादी दिली होती, एकही लागेना, सगळे ४०४. नंबर खरे, त्यातला एक तर माझाच टाकून पाहिला. घड्याळ बघितलं: प्रत्येक ४०४ पन्नास-साठ मिलिसेकंदांत येत होता. खरोखर अस्तित्वात नसलेल्या मोबाइलचं उत्तर यायला दोन-चार सेकंद लागतात, आणि बहुधा आधी बाईंचा आवाज येतो. इतक्या झटकन नकार देतो तो कंपनीचा पहिलाच स्विच, आणि त्याला नंबर आवडला नाही असं नव्हे, नंबरचं रूप आवडलेलं नसतं. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावावं लागतं, आणि ही ट्रंक लँडलाइनच्या नंबरची. पीबीएक्स हातानं डायल केलेल्या नंबरला शून्य लावत नसे, ताई स्वतः दाबायच्या. यादीतही शून्य होतं, पण ती एक्सेलमध्ये उघडून जतन केली आणि एक्सेलनं पुढचं शून्य 'आकड्याच्या आधी कशाला' म्हणून खाऊन टाकलं. शून्य लावायचं काम पीबीएक्सवर सोपवलं. काही कंपन्या अशा वेळी ४०४ ऐवजी ४८४ देतात, म्हणजे नंबर अपुरा, अर्थ तोच. कुठल्या कंपनीला शून्य हवं, कुठलीला ९१, हे ट्रंक घेतानाच लेखी विचारून घ्या. व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेल्या नंबरांतल्या मोकळ्या जागा आणि डॅशही असंच डोकं खातात.

४८६ म्हणजे समोरचा बोलतोय. पण मोबाइलवर लाल बटण दाबून कॉल नाकारला तरी नेटवर्क बहुतेक वेळा 'बिझी' असंच कळवतं, म्हणून ४८६ चा अर्थ 'बोलतोय' की 'तुमचा नंबर बघून कापला' हे कोडवरून ठरवू नका. एक-दोन वेळा घंटी वाजून ४८६ आला तर कापला. घंटी न वाजता आला तर बहुधा बोलतोय. ६०३ हा खरा नकार, आपल्याकडे क्वचित बघायला मिळतो. ४८० म्हणजे आत्ता मिळत नाही: फोन रजिस्टर नाही, किंवा वाजून वाजून थांबला.

सगळ्यात जास्त गैरसमज ४८७ बद्दल. एका कुरिअरवाल्याच्या मालकांनी मला रिपोर्ट दाखवला: शंभरातले चाळीस कॉल ४८७, म्हणजे ट्रंक खराब. ४८७ चा अर्थ एवढाच की उत्तर यायच्या आधी लावणाऱ्यानंच कॉल कापला. आपण कॅन्सल पाठवला आणि समोरच्यानं 'बरं, थांबवलं' म्हटलं. मग चाळीस वेळा त्यांचीच मुलं का कापत होती? त्यासाठी १८३ बघावा लागतो. घंटी दोन तऱ्हांनी वाजते. १८० आला तर आपला फोन स्वतःची ट्रिंग-ट्रिंग वाजवतो. १८३ आला तर आवाज समोरच्या नेटवर्ककडून येतो: कॉलर ट्यून, 'आपण डायल केलेला क्रमांक बंद आहे', २०२० मध्ये सगळ्यांच्या कानात बसलेला तो खोकला, सगळं याच वाटेनं. कुरिअरची मुलं 'स्विच ऑफ' ऐकून लगेच कापायची, आणि रिपोर्टमध्ये बंद मोबाइल ४८७ म्हणून नोंदला जायचा. संदेश पूर्ण होईपर्यंत थांबले असते तर ४८० किंवा ४०४ आला असता. याच १८३ चं दुसरं टोक म्हणजे लावल्यावर काहीच ऐकू न येणं, मुकी लाइन, आणि मग अचानक 'हॅलो'. तिथे आवाजाची आरटीपी पॅकेट फोन उचलायच्या आधी फायरवॉल आत येऊ देत नाही; आरटीपीचा पोर्ट पट्टा, ॲस्टेरिस्कच्या नमुना फाइलमध्ये १०,००० ते २०,०००, तपासा.

४८८ फार वेळ खात नाही. दोन्ही बाजूंना एकही सामायिक कोडेक नाही. भारतातल्या ट्रंका जी.७११ ए-लॉ मागतात; कुणीतरी बँडविड्थ वाचवायला फक्त जी.७२९ ठेवलेला असतो. ए-लॉ चालू करा. फॅक्समध्येही मधूनच ४८८ दिसतो, टी.३८ ला (फॅक्सच्या खास पद्धतीला) समोरचा नाही म्हणाला की. त्यानं कॉल तुटत नाही, आधीच्या आवाजावरच फॅक्स जायचा प्रयत्न होतो, नशीब असेल तर जातो.

४८२ आणि ४८३, म्हणजे कॉल फिरतच राहिलाय, वर्षातून एकदा बघतो, गणपतीत. दोघं सहकारी कोकणात जाताना आपापला फोन एकमेकांवर फॉरवर्ड करून गेलेले असतात. कॉल गोल फिरतो. प्रत्येक टप्प्यावर मॅक्स-फॉरवर्ड्स हा उरलेल्या टप्प्यांचा आकडा ७० पासून एकेक कमी होत शून्यावर आला की ४८३ येतो. पीबीएक्स प्रत्येक वळणाला नवा कॉल सुरू करत असेल तर हा आकडा पुढे जातोच असं नाही, आणि चॅनेल भरत जातात. मग बाकीच्यांना ५०३ दिसतो आणि ते ट्रंकवाल्यांना शिव्या घालतात. अनंत चतुर्दशीपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

लॅबची वही अजून काउंटरवर असते. गेल्या खेपेला गेलो तेव्हा शेवटच्या नोंदीत वेळ होती, 'आलेला' होतं, आणि तुटल्याच्या रकान्यात ताईंनी लिहिलं होतं: 'तुटला नाही. पेशंटच थांबेना.'